निलगिरीच्या पाल्यात नेमके काय असते आणि त्यातले आपल्या हाती किती लागते

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. हिंगोलीकडच्या आपल्या शेताच्या धुऱ्यावर वडिलांनी लावलेली चाळीसेक निलगिरीची झाडे आहेत, यंदा लाकूड व्यापाऱ्याला द्यायचे ठरले आहे, आणि पाला मात्र रानातच पडून राहणार आहे. निलगिरीत अनेक जैवसक्रिय नैसर्गिक द्रव्ये असतात, ती जंतू मारतात, सूज उतरवतात, साखर कमी करतात असे आपल्या वाचनात आले. म्हणून आपण विचारता की घरी तेल काढून ते आईच्या दम्याला आणि साठवणीच्या हरभऱ्याला वापरावे का, पाल्याचा काढा घ्यावा का, आणि त्या झाडांजवळ सोयाबीन खुजे राहते ते याच द्रव्यांमुळे का.

मी रसायनशास्त्र शिकलो, काही वर्षे सुगंधी तेले तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आणि गेली एकवीस वर्षे लातूर जिल्ह्यात गवती चहा, पामारोसा आणि लिंबगंधी निलगिरी यांच्या तेलाची लहान भट्टी चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो की निलगिरीत अशी द्रव्ये आहेत की नाहीत हा प्रश्नच उरलेला नाही. ती आहेत आणि भरपूर आहेत. खरी अडचण वेगळी आहे. आपले झाड कोणत्या जातीचे, पाला उकळला की त्यातले कोणते द्रव्य कोठे जाते, आणि जे हाती येते त्याचे प्रमाण शरीरावर किंवा किडीवर परिणाम होण्याइतके असते का, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय पुढचे कोणतेही उत्तर देता येत नाही. यातली पहिली गोष्ट झाड न पाहता मला सांगता येणार नाही, पण ती आपल्याला आपल्या धुऱ्यावर उभे राहून तपासता येईल.

‘निलगिरी’ या नावानेच बराच घोटाळा केला आहे. हे झाड मूळ ऑस्ट्रेलियाचे, आणि त्याच्या सातशेहून अधिक जाती आहेत. कूळ मात्र आपल्या ओळखीचे, म्हणजे जांभूळ, पेरू आणि लवंग यांचेच. आपल्याकडे ते १७९०च्या सुमारास टिपू सुलतानाच्या काळात नंदीच्या टेकडीवर लावले गेले आणि १८४३ पासून निलगिरी पर्वतात जळणासाठी त्याची लागवड झाली. त्या पर्वताचे नाव मराठीत झाडालाच चिकटले. औषधाच्या दुकानात जे निलगिरी तेल मिळते ते ‘ग्लोब्युलस’ या जातीच्या गुणांचे असते आणि ही जात थंड, उंच डोंगरात वाढते. मराठवाड्याच्या उन्हात ती टिकत नाही. आपल्याकडे सामाजिक वनीकरणाच्या काळात जी झाडे लागली ती बहुतेक ‘टेरेटिकॉर्निस’ या जातीची, ज्यांना रोपवाटिकेत मैसूर हायब्रीड म्हणत. नंतर भद्राचलमचे क्लोन, म्हणजे एकाच निवडक झाडाच्या फांद्यांपासून केलेली एकसारखी रोपे, आली. हे क्लोन कागदाच्या लगद्यासाठी, म्हणजे सरळ खोड आणि भराभर वाढ यांसाठी निवडलेले आहेत. पाल्यातल्या तेलासाठी त्यांची निवड कोणी केलेली नाही. तिसरी शक्यता लिंबगंधी निलगिरीची. तिला पूर्वी ‘युकॅलिप्टस सिट्रिओडोरा’ म्हणत आणि १९९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती ‘कोरिंबिया’ या वेगळ्या प्रजातीत नेली.

ओळख सोपी आहे. कोवळे नव्हे, पूर्ण वाढलेले पान घ्या आणि उजेडासमोर धरा. सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील, त्याच तेलाच्या ग्रंथी. मग पान चुरगाळून वास घ्या. लख्ख लिंबाचा वास आला तर झाड सिट्रिओडोराचे आणि त्यातले मुख्य द्रव्य सिट्रोनेलाल. कापरासारखा, नाकात गार लागणारा वास आला तर सिनिओल या औषधी द्रव्याचे प्रमाण चांगले. नुसता रानटी, टर्पेंटाइनसारखा वास आला तर पायनिन या द्रव्याचा भाग मोठा. हायब्रीडच्या बाबतीत एका ओळीतली शेजारशेजारची दोन झाडेसुद्धा वेगळी निघतात, कारण ती बियांपासून झालेली असतात. क्लोन असतील तर मात्र सगळ्यांचा वास एकसारखा येईल.

आता द्रव्यांकडे वळू. निलगिरीची द्रव्ये मी दोन गटांत पाहतो, कारण भट्टीत ती तशीच वेगळी होतात. पहिला गट उडून जाणाऱ्यांचा, म्हणजे सिनिओल, पायनिन, लिमोनिन, सिट्रोनेलाल यांचा. यातले सिनिओल, ज्याला युकॅलिप्टॉल असेही म्हणतात, हे औषधी तेलाचे मोल ठरवते. औषधकोशाच्या मानकाप्रमाणे निलगिरी तेलात ते किमान सत्तर टक्के असावे लागते. दुसरा गट न उडणाऱ्यांचा. त्यात गॅलिक आम्ल आणि टॅनिन आहेत, क्वेर्सेटिन व रुटिनसारखी फ्लॅव्होनॉइड आहेत, पानावरच्या मेणात उर्सोलिक आम्लासारखी ट्रायटर्पिन आहेत, आणि मॅक्रोकार्पाल, सिडेरोझायलोनाल, युग्लोबाल अशा नावांची, जवळपास याच कुळाची खासियत असलेली फ्लोरोग्लुसिनॉल द्रव्ये आहेत. या शेवटच्या गटामुळे पान खाणाऱ्या प्राण्याला मळमळते. ऑस्ट्रेलियात कोआला हा प्राणी निलगिरीच्याच पानांवर जगतो, पण ज्या झाडात ही द्रव्ये जास्त त्या झाडाला तोही टाळतो. आपल्याकडे शेळी या झाडाला तोंड लावत नाही, याचे उत्तर पानातल्या या संरक्षक द्रव्यांतच शोधावे लागते. आणि कुंपण न घालता झाडे जगतात म्हणूनच ती माळावर आणि धुऱ्यांवर एवढी पसरली.

आपण जे वाचले त्यात हे दोन्ही गट एकाच यादीत दिलेले असावेत, आणि गोंधळ तेथेच सुरू होतो. सिनिओल १७६ अंशांना उकळते, तरीही ते पाण्याच्या वाफेबरोबर शंभर अंशांच्या आतच बाहेर पडते. कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, दोघांचा बाष्पदाब एकत्र होतो आणि त्या दोन दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की दोन्ही मिळून उकळू लागतात. वाफ थंड केली की तेल हलके असल्याने पाण्यावर तरंगते आणि वेगळे काढता येते. या वाफेत टॅनिन येत नाही, क्वेर्सेटिन येत नाही, उर्सोलिक आम्ल येत नाही. ती भट्टीच्या तळाच्या काळपट पाण्यात आणि चोथ्यात राहतात. म्हणजे तेलाच्या बाटलीवर ‘क्वेर्सेटिनयुक्त’ असे कोणी लिहिले तर ते रसायनशास्त्राला धरून नाही. काढ्याचे उलटे होते. पातेले उघडे ठेवून पाला उकळला की सिनिओल स्वयंपाकघरभर पसरते आणि पातेल्यात मुख्यतः टॅनिनचे तुरट पाणी उरते. ज्याच्यासाठी काढा करायचा ते उडून गेलेले असते, आणि जे उरते ते पोटाला जड जाते.

साखरेच्या दाव्याबद्दलही येथेच सांगतो, कारण आपल्याकडे मधुमेही घरोघर आहेत. ग्लोब्युलसच्या पानांचा साखरेवर परिणाम १९९८ मध्ये प्रयोगशाळेतल्या मधुमेही उंदरांत दिसला होता, हे खरे. त्या उंदरांच्या अन्नात आणि पाण्यात पानांचे ठरावीक प्रमाण होते. त्यावरून हायब्रीडच्या पाल्याचा माणसाने किती काढा घ्यावा हे ठरत नाही, आणि गोळ्या बंद करून तो घेणे तर मुळीच योग्य नाही. संगणकावर रेणू जुळवून ‘हे द्रव्य अमुक विषाणूला रोखू शकेल’ असे सांगणारे लेख २०२० मध्ये निलगिरीबद्दलही आले. असे जुळवून पाहणे ही शोधाची पहिली पायरी असते. त्यात माणूस अजून कोठेच आलेला नसतो.

तेल काढण्याबद्दल बोलायचे तर हिशोब आधी करा. माझ्या भट्टीत हायब्रीडच्या शंभर किलो ताज्या पाल्यातून अर्धा ते एक किलो तेल निघाले आहे. लिंबगंधी निलगिरी त्याहून जास्त देते. एका झाडाचा डहाळ्यांशिवायचा पाला पंचवीस किलो धरला तर आपल्या चाळीस झाडांचा एक टन होतो आणि तेल पाच ते दहा किलो. तेवढ्यासाठी भट्टी उभारणे परवडणार नाही. जवळपास गवती चहाची भट्टी असेल तर भाड्याने दोन घाणी काढून घेता येतील. पाला तोडल्यावर दोन दिवस सावलीत सुकू द्यावा, म्हणजे भट्टीत जास्त मावतो. उन्हात पसरला की तेल उडू लागते, आणि झाडाखाली कधीचा वाळून पडलेला पाचोळा तर घेऊच नये. प्रेशर कुकरला नळी जोडून घरी तेल काढण्याचे व्हिडिओ आपण पाहिले असतील. तो प्रयोग कृपया करू नका. झडपेत पाल्याचा कण अडकला तर कुकर फुटू शकतो, आणि हे तेल साधारण पन्नास अंशांच्या आतच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. चुलीशेजारी किंवा गॅसशेजारी त्याची जागा नाही.

मी स्वतः सुरुवातीला दोन चुका केल्या. पहिली भट्टी जुन्या लोखंडी टाकीची केली होती. निलगिरीतले टॅनिन लोखंडाशी मिळून शाईसारखे काळे होते, हे शिकलेले असूनही लक्षात राहिले नाही, आणि पहिल्या घाणींचे तेल गढूळ व कळकट निघाले. आता माझी भट्टी स्टेनलेस स्टीलची आहे. दुसरी चूक महागात पडली. आसपासच्या धुऱ्यांवरच्या हायब्रीडचा पाला गोळा करून मी एक पिंप तेल एका खरेदीदाराला पाठवले आणि त्याने ते परत केले, कारण तपासणीत सिनिओल सत्तर टक्क्यांच्या बरेच खाली होते. त्याचे म्हणणे बरोबर होते. प्रयोगशाळेत असताना आम्ही सिनिओल मोजायला तेलात ऑर्थो-क्रेसॉल मिसळून ते कोणत्या तापमानाला गोठते हे पाहत असू. सिनिओल जितके जास्त, तितके मिश्रण लवकर गोठते. आता गॅस क्रोमॅटोग्राफीने प्रत्येक घटकाचा टक्का कळतो. पाला विकत घेण्याआधी एका किलोचे तेल काढून ते तपासून घ्यायला हवे होते, ते मी केले नव्हते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाला फार लागू आहे. वाफ थंड करायला सतत वाहते पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात मी भट्टी पूर्ण बंद ठेवली होती. आता तेच पाणी हौदात फिरवून वापरतो आणि तोड हिवाळ्यातच उरकतो. आपली झाडे उन्हाळ्यात तुटणार असतील तर भट्टीवाल्याला पाण्याचे आधी विचारा.

आईंच्या दम्याबद्दल मी अधिक जपून लिहितो. सिनिओल श्वासनलिकेतली सूज काही प्रमाणात कमी करते याला आधार आहे. जर्मनीत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्टेरॉइडच्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या ३२ दमारुग्णांना बारा आठवडे शुद्ध सिनिओलच्या २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीन वेळा किंवा तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या होत्या. सिनिओल घेणाऱ्यांची स्टेरॉइडची मात्रा सरासरी ३६ टक्क्यांनी खाली आणता आली, दुसऱ्या गटात ७ टक्क्यांनी. ही गोष्ट आशादायक आहे. पण ती चाचणी लहान होती, द्रव्य शुद्ध होते, कॅप्सूल आतड्यात विरघळणारी होती आणि सगळे डॉक्टरांच्या नजरेखाली चालले होते. भट्टीतल्या तेलाचे थेंब साखरेवर टाकून खाणे हे त्याच्या जवळपासही येत नाही. वाफेत तेल टाकल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते बरेचसे थंडाव्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंमुळे. नळी त्या क्षणी रुंदावलेली असतेच असे नाही. काही दमारुग्णांना तर उग्र वासानेच धाप लागते. आईंचा पंप आणि डॉक्टरांनी दिलेले औषध तसेच चालू ठेवा. त्यांना निलगिरीची वाफ आवडत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी होकार दिला तरच दुकानातल्या सीलबंद औषधी तेलाचा एखादा थेंब वापरा. धुऱ्यावरच्या झाडाचे तेल त्यासाठी नको, कारण त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

घरात लहान मूल असेल तर हा परिच्छेद त्याच्या आईवडिलांनाही वाचून दाखवा. निलगिरीचे तेल पोटात गेले की फार थोड्या मात्रेतही, मुलांमध्ये चमचाभर तेलानेसुद्धा, गुंगी, फिट आणि बेशुद्धी येऊ शकते. आमच्या शेजारच्या अडीच वर्षांच्या मुलाने सर्दीसाठी आणलेली बाटली तोंडाला लावली होती. अर्ध्या तासात तो पेंगू लागला. उलटी करायला न लावता त्याला तसेच उचलून दवाखान्यात नेले आणि रात्रभर लक्षाखाली ठेवले, म्हणून तो वाचला. बंगळुरूच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी निलगिरी तेल हुंगल्याने किंवा अंगाला चोळल्यानेही फिट आलेल्या प्रौढ रुग्णांची नोंद केली आहे. म्हणून ज्यांना फिटचा त्रास आहे त्यांनी या तेलापासून लांबच राहावे. तान्ह्या बाळाच्या नाकाला, छातीला किंवा उशीला ते लावण्याची आपल्याकडची सवय मोडायला हवी.

हरभऱ्याच्या साठवणीबद्दल. सिनिओलची वाफ भुंगे आणि सोंडे यांच्या मज्जासंस्थेवर काम करते आणि बंद बरणीत कीड खरोखर मरते. मी स्वतः दोन लिटरच्या बरणीत हे पाहिले आहे. पण पोत्यात किंवा कणगीत वाफ टिकत नाही, काही दिवसांत ती निघून जाते आणि अंड्यांतून पुढची पिढी बाहेर येते. ती टिकवायची म्हणून तेल वाढवले की डाळीला वास लागतो आणि बियाण्याची उगवण घटते. हरभरा दातांखाली कटकन फुटेल इतका वाळवून हवाबंद पिशवीत भरणे मला जास्त भरवशाचे वाटते. उभ्या पिकावर तर हे तेल फवारू नका. पाण्यात ते नीट मिसळत नाही आणि जेथे थेंब साचतो तेथे पान करपते. आपली झाडे लिंबगंधी निघाली तर डासांसाठी काही विचार होऊ शकतो, पण तेथेही फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने २००५ पासून ज्या लिंबगंधी निलगिरीच्या डासरोधकाची शिफारस केली, त्यात सिट्रोनेलालपासून बनवलेले पीएमडी हे द्रव्य असते. कच्च्या तेलात ते नगण्य असते आणि कच्च्या तेलाचा परिणाम लवकर ओसरतो. तीन वर्षांखालील मुलांना ते डासरोधकही लावत नाहीत.

राहिले सोयाबीन. निलगिरीची द्रव्ये दुसऱ्या रोपांची वाढ रोखतात हे सिद्ध आहे. सिनिओलची वाफ कोवळ्या मुळांच्या पेशींचे विभाजन मंदावते, आणि पाचोळ्यातून पावसाबरोबर उतरणारी फिनॉलवर्गीय आम्ले उगवणीला अडथळा करतात. सिनिओलच्या जवळच्याच एका द्रव्याच्या रचनेवरून पुढे सिनमेथिलिन हे तणनाशक बनवले गेले. तरीही आपल्या धुऱ्यावर मुख्य कारण हेच आहे असे मी लगेच म्हणणार नाही. मराठवाड्यात पावसाने पंधरा-वीस दिवसांची ओढ दिली की निलगिरीची मुळे वरच्या थरातला ओलावा ओढून घेतात, शिवाय सावली असतेच. दोन्ही कारणे वेगळी करून पाहता येतात. वाळलेला पाला शंभर ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. एका ओल्या कापडावर सोयाबीनचे पन्नास दाणे त्या पाण्याने आणि दुसऱ्यावर पन्नास दाणे साध्या पाण्याने भिजवा, आणि पाचव्या दिवशी मोड किती आले व मूळ किती लांब झाले ते मोजा. जोडीला, झाडे तोडायला अवकाश असेल तर, धुरा आणि पीक यांच्यामध्ये झाडांपासून पाच-सहा फुटांवर तीन फूट खोल चर काढा, म्हणजे मुळे तुटतील. चर काढलेल्या पट्ट्यात पुढच्या हंगामात पीक सुधारले तर भांडण पाण्याचे होते. आमच्या गावी तिघांनी असा चर काढला. दोघांचे पीक स्पष्ट सुधारले, तिसऱ्याची जमीन चुनखडीची होती आणि तेथे काही फरक पडला नाही.

व्यापाऱ्याची माणसे येण्याआधी एक सकाळ काढून प्रत्येक झाडाचे पान चुरगाळून पाहा आणि खोडावर गेरूने खूण करा: लिंबाच्या वासाचे एक, कापराच्या वासाचे दुसरे, बाकी सगळी तिसरे. दुसऱ्या खुणेची झाडे दहा-बारा तरी भरली, तर त्यांचाच पाला वेगळा ठेवून दोन किलो पाल्याचे नमुन्याचे तेल कोणाकडून तरी काढून घ्या आणि काचेच्या गडद बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. तपासणीत सिनिओल किती निघाले ते कळवा, म्हणजे उरलेल्या पाल्याचे काय करावे हे त्या आकड्यावरून सांगता येईल.